मुक्काम दोन नावांच्या गावात

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला बैलगाडीने जाऊन आलेल्या माणसाला मोटरहोम म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. गाडीवर ताडपत्रीचा आडोसा, आत पिठाचे गाठोडे, भांडी आणि अंथरूण, मागे बैलांची वैरण, कडेला पाण्याची घागर. दिवस कलला की पाणी आणि सावली बघून गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची. युरोपातले मोटरहोम त्याच घराण्यातले. बैलांच्या जागी डिझेलचे इंजिन, घागरीच्या जागी शंभरेक लिटरची टाकी आणि चुलीच्या जागी गॅसची शेगडी, एवढाच फरक.

आमचा मुलगा आणि सून म्युनिकला नोकरीला आहेत. येत्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना घेऊन मोटरहोमने इटली गाठायचा त्यांचा बेत आहे. दर रविवारी फोनवर नकाशा उघडून आमची बैठक बसते. बेळगाव-निपाणी भागातल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे आहेत आणि आई-वडिलांच्या एकाच फेरीत त्यांना सगळे दाखवायचे असते. म्हणून या आखणीतून आम्हाला जे कळले, ते वाचकांसमोर मांडते.

आधी कागद, मग रस्ता

शेंगेन व्यवस्थेतल्या 29 देशांत एकाच व्हिसावर फिरता येते. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहायची मुभा असते. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. शेजारीपाजारी आम्हाला "इटलीला निघालात म्हणे" असे विचारतात, पण आमचे जास्त दिवस जर्मनीत असल्याने अर्ज जर्मनीकडेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. सोबत किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

गाडी मुलगाच चालवणार. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाचे भारतीय लायसन्स सहा महिनेच चालते, पुढे तिथले घ्यावे लागते. त्याने ते घेतले आहे. मोटारीच्या साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचे मोटरहोम चालवता येते. पण या साडेतीन टनांत गाडी, पाणी, गॅस, सामान आणि माणसेही आली. म्हणून प्रत्येकी एक मऊ पिशवी, असे सूनबाईने आधीच बजावले आहे.

खाण्याचे सांगायचे तर बेळगावचा कुंदा इथेच राहणार. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीला मात्र अडकाठी नाही.

वाट कोणती?

म्युनिकहून इटलीत उतरायला मुख्य वाटा तीन. पश्चिमेला स्वित्झर्लंडमधून गोट्टहार्डचा जवळजवळ 17 किलोमीटरचा बोगदा, पूर्वेला ऑस्ट्रियातून टाउएर्नचा रस्ता आणि मध्ये इन्सब्रुकवरून ब्रेनरची खिंड. ब्रेनर सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे. आल्प्समधल्या मोठ्या खिंडींत ती सखल, म्हणून जड गाडीला सोयीची. ब्रेनरमार्गे म्युनिक ते वेरोना सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे बेळगावहून पुणे गाठून आणखी थोडे पुढे.

मुलाचे म्हणणे, एका दिवसात वेरोना गाठू, दुसऱ्या दिवशी व्हेनिस. यावर आमच्याकडून उत्तर गेले, "अरे, आम्ही गाव बघायला येतोय की टोलनाके मोजायला?"

टोलनाके तरी किती निराळे! कोगनोळी आणि हत्तरगीला आपण फास्टॅग दाखवून सुटतो. जर्मनीत लहान गाडीला टोल नाही. ऑस्ट्रियात ठरावीक दिवसांचा परवाना आधी घ्यायचा, त्याला विन्येट म्हणतात. पण ब्रेनरच्या महामार्गाला तो पुरत नाही, तिथला टोल वेगळा. इटलीत शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे. शिवाय ब्रेनरजवळच्या लुएग पुलाच्या कामामुळे 2025 पासून तिथे बरेच दिवस एकेरी रांगेने वाहतूक चालते. म्हणून शनिवारी निघायचे नाही आणि ऑगस्टचे तर नावच काढायचे नाही. नातवाला मे-जूनच्या सुमारास शाळेची दोन आठवड्यांची सुट्टी असते, तीच आम्ही धरली आहे.

रात्री गाडी कुठेही लावून भागत नाही. इटलीच्या वाहतूक कायद्याप्रमाणे, जिथे गाडी उभी करायला परवानगी आहे तिथे ती चाकांवर उभी राहिली आणि आत माणसे झोपली तर चालते. बाहेर खुर्च्या मांडल्या, छत उघडले किंवा सांडपाणी सोडले की तो तळ ठोकणे झाला. त्यासाठी ठरलेल्या जागा आहेत. तिथे पाणी भरायचे, सांडपाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायची. पाच माणसांना शंभर लिटर कसे पुरायचे, याची काळजी मुलाला आहे. दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या घरात संसार केलेल्या बाईला ती नाही.

ब्रेनरपलीकडचा सीमाभाग

एका दिवसात वेरोना गाठायला मी हरकत घेतली, ती ब्रेनर आणि वेरोना यांच्या मधल्या मुलखासाठी. त्याचे नाव दक्षिण टायरॉल. हा इटलीतला सीमाभाग. तिथल्या पाटीवर प्रत्येक गावाची दोन नावे असतात. जर्मन माणूस बोत्सेन म्हणतो, इटालियन माणूस बोल्झानो. ब्रिक्सेन आणि ब्रेस्सानोने हे एकच गाव. बेळगाव आणि बेळगावी म्हणत वाढलेल्या आपल्या पोरांना यात नवल वाटू नये.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता. 1919 च्या तहाने तो इटलीकडे आला. मुसोलिनीच्या काळात गावांच्या जर्मन नावांवर आणि जर्मन शाळांवर बंदी आली, तेव्हा लोक मुलांना घराघरांत चोरून शिकवत. 1939 मध्ये तर हिटलर आणि मुसोलिनीने लोकांपुढे पर्याय ठेवला : भाषा हवी तर जर्मनीत जा, घर हवे तर इटालियन व्हा. युद्धानंतर करार झाला, तरी असंतोष शमला नाही. 1961 मध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे बॉम्बने पाडले गेले. अखेर 1972 मध्ये व्यापक स्वायत्तता मिळाली आणि 1992 मध्ये वाद मिटल्याचे ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रसंघाला कळवले. हिशोब 73 वर्षांचा झाला. आपला हिशोब 1956 पासून ज्याने त्याने मांडावा.

आज तिथे सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते आणि शाळेत दुसरी भाषा सक्तीची आहे. ब्रेनरवरची तपासणी 1998 मध्ये बंद झाली. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळे फासले गेले आणि एसटीने इकडच्या फेऱ्या थांबवल्या. निपाणीत दिलेल्या लेकीला तेव्हा कोल्हापूरचे माहेर एकदम लांबचे झाले. नंबरप्लेटवर एमएच आहे की केए, याची धास्ती ज्यांनी घेतली आहे, त्यांनी ब्रेनरवरून एकदा तरी सावकाश जावे.

पण तिथले सगळेच गोड आहे असेही नाही. जर्मन आणि इटालियन मुलांच्या शाळा अजून वेगळ्या आहेत. नोकऱ्या भाषागटाच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणून आपण कोणत्या गटातले हे माणसाला लिहून द्यावे लागते. जर्मन, इटालियन किंवा लादिन ही तिथली तिसरी लहान भाषा, यांपैकी एक. आई एका भाषेची आणि बाप दुसऱ्या भाषेचा असला, तरी शेवटी एकाच गटात मोजले जायचे. आमची सून धारवाडची. ती मला अत्ती म्हणते, नातू माझ्याशी मराठीत बोलतो आणि धारवाडच्या अज्जीला फोनवर "ऊटा आत्री?" विचारतो. त्याला तिथे कोणत्या रकान्यात बसवतील? बेळगाव, निपाणी, चिकोडीत अशी घरे गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडचा वाद उद्या कसाही मिटो, या घरांचा रकाना कोणता, हे तेव्हाही विचारावे लागेल. म्हणून नातवाने हा मुलूख बघावा असे मला वाटते.

बोल्झानोच्या संग्रहालयात ओत्झी आहे. 1991 मध्ये बर्फात सापडलेला हा सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस. सापडला तो नेमका सीमेवर. आधी त्याला ऑस्ट्रियात नेले, मग मोजणी झाली आणि तो 92.56 मीटर इटलीत निघाला. जिवंतपणी त्याला या दोन्ही देशांचा पत्ताही नसणार.

ठरलेले मुक्काम

पहिली रात्र इन्सब्रुकजवळ. दुसरी आणि तिसरी बोल्झानोला. तिथे राईच्या पिठाची पातळ, कुरकुरीत, कित्येक दिवस टिकणारी श्यूट्टेलब्रोट नावाची भाकरी मिळते, ती आपल्या कडक भाकरीशेजारी ठेवून बघायची आहे. चौथी गार्डा सरोवराकाठी. वेरोनाच्या जुन्या भागात परवान्याशिवाय शिरलेल्या गाडीला कॅमेरा टिपतो आणि दंड घरी येतो, म्हणून गाडी बाहेर ठेवून बसने जायचे. व्हेनिससाठी गाडी पुंता साब्बियोनीच्या तळावर लावायची आणि पुढे बोट. परतताना ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट हाताशी हवेत.

बोल्झानोच्या दोन रात्री मुलाने अखेर मान्य केल्या. व्हेनिस एक दिवस उशिरा दिसले म्हणून काही बिघडत नाही.