सहावी जागा

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'नॉन-इसेन्शिअल अमिनो अ‍ॅसिड' हा शब्द पाठ असतो. मराठीत त्याचं 'अनावश्यक' होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, याची काही गरजच नाही! खरा अर्थ एवढाच की ते जेवणातून मिळालंच पाहिजे असं नाही, शरीर स्वतः तयार करतं. २० पैकी ११ अमिनो आम्लं अशी आहेत. मेसमध्ये पोळ्या तिथेच लाटतात, म्हणून त्यांना कोणी अनावश्यक म्हणतं का?

माझ्या गावाचं नावच घ्या. सिंदी (रेल्वे). कंसातला शब्द जादाचा वाटतो. पण वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे. कंसातलं बदललं की गावच बदललं!

ग्लुटामिक आम्ल हे असंच एक 'अनावश्यक'. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ जागा असतात. सहावी जागा त्याची. माझ्या मामेबहिणीच्या रक्तात तिथे व्हॅलिन बसलंय, आणि व्हॅलिन 'आवश्यक' यादीतलं! ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिन पाण्यापासून पळतं. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांतच संपते. हाच आपल्या विदर्भात घरोघरी ऐकू येणारा सिकलसेल.

पुस्तकात हे चार ओळींत संपतं. सिंदीला दुखणं उठलं की मामी रात्रभर हातपाय शेकत बसते. "पानी पेत राय वं माय," हे तिचं पालुपद. ते शास्त्राला धरूनच आहे, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने बहिणीचं दुखणं कमी झालंय. ग्लुटामिक आम्लाचाच सख्खा भाऊ ग्लुटामिन, तोही 'अनावश्यक', त्याला २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारावर औषध म्हणून मान्यता मिळाली!

आता माझं. माझा रिपोर्ट 'एएस' आहे, म्हणजे मी वाहक. मला त्रास काही नाही. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. घरातून विचारणा झाली, "मासिकात कायले छापून राह्यली वं? उद्या लग्नाचं पाहा लागन." त्यांची काळजी मला कळते. अशाच काळजीपोटी किती घरांत रिपोर्ट कपाटात जातो, आणि तो लपला की पुढच्या पिढीत एखादी मामी पुन्हा रात्रभर जागते.

म्हणून हे नावानिशी लिहिलंय. देशात २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. सुट्टीत घरी जाल तेव्हा करून घ्या. मग कोणी विचारलं तर ब्लड ग्रुप सांगतो तितक्या सहज सांगा. मी तर सांगितलंच!