गल्ल्यावर कोण बसलंय?



हॉटेलात बसून जेवण्याचा हक्क आपल्याला संविधानाच्या कलम १५(२) ने दिला. १९४८ साली संविधान सभेत प्रश्न आला होता, की 'दुकान' या शब्दात लाँड्री आणि सलून येतं का? बाबासाहेबांनी त्या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद ठेवला. जो येईल त्याला सेवा द्यायला माणूस जिथे बसलाय, ते दुकान. पुढे १९५५ चा कायदा आला आणि दार अडवणाऱ्याला शिक्षा ठरली.

पण हे सगळं आपण गिऱ्हाईक असताना. गल्ल्यावर आपला माणूस आणि चुलीपुढे आपली बाई असेल, तर बाकीचे येऊन जेवतात का? इथे कायद्याचा हात पोचत नाही. कोणी कुठे जेवावं याची सक्ती कशी करणार?

कामासाठी चिखलीला गेले की मी एका छोट्या खानावळीत जेवते. चार टेबलं, वर पत्रे. काकू भाकरी थापतात, काका वाढतात आणि गल्लाही तेच सांभाळतात. ज्वारीची भाकरी, बेसन, वांग्याची भाजी, ठेचा. आदल्या दिवशी सांगितलं तर रोडगे. बेसनावर काकू कच्चं तेल सोडतात आणि 'गरम आहे तोवर खा' म्हणत न विचारता दुसरी भाकरी ताटात टाकतात. गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हर, खोली करून राहणारी कॉलेजची पोरं, माझ्यासारखे फिरते.

पाटीवर फक्त 'घरगुती जेवण' आहे. तथागतांचा फोटो आत, पिठाच्या डब्याच्या वर, टेबलावरून दिसणार नाही असा. आधीच्या पाटीवर आडनाव होतं. ती लागली आणि आठवड्यात चार डबे बंद झाले. एकाची बदली झाली म्हणे, एकाचं पोट बिघडलं. जातीचा शब्द कोणीच काढला नाही. काका म्हणाले, "बोलले असते तं केस तरी केली असती, पोरी."

याच महाराष्ट्रात 'मराठा खानावळ', 'लिंगायत खानावळ' अशा पाट्या राजरोस लागतात. तिथे जात म्हणजे चवीची हमी! आणि आपल्याच जिल्ह्यातली शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने ती स्टेशनवर विकायला सुरुवात केली. परका माणूस, परकी भाषा, तरी पदार्थाला गावाचं नाव मिळालं. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण इथेच जन्मलेल्या काकूंना आडनाव झाकावं लागतं, हे कसं?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आर्थर ॲव्हेन्यू हा जुना इटालियन बाजार आहे. तिथली कित्येक इटालियन हॉटेलं आज अल्बेनियन लोक चालवतात. पाटी इटलीची, हात अल्बेनियाचे. पण मालक अल्बेनियन आहे हे कळलं म्हणून तिथे पास्ता विटाळत नाही, आणि शेजारी त्यांचा स्वतःचा बुरेकही विकला जातो.

शाहू महाराजांनी हे दुखणं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. हौद बाटवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली, आणि मग स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले. सोबतच्यांनाही पाजला. नुसत्या भांडवलाने ते हॉटेल चाललं नसतं, हे राजाला कळत होतं.

आणि आपण? जयंतीचं भोजनदान, शिबिरांची जेवणं, लग्नं, यांची ऑर्डर कोणाला जाते ते आपापल्या तालुक्यात बघा. आमचे काही कार्यकर्ते काकूंना सांगून आले, घाबरू नका, 'जयभीम खानावळ' लिहा. लिहायला हरकत काहीच नाही, पण बचत गटाचा हप्ता काकूंना भरायचाय. ज्यांनी तिथे महिन्यातून एक ताट घेतलं नाही, त्यांनी पाटीचा सल्ला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या साठ जणांचं जेवण काकूंकडून आणलं. कुठून आणलं, कोणी रांधलं, ते वाढण्याआधीच माईकवर सांगितलं. पाहुणे म्हणून दोन सवर्ण शिक्षक होते. एकाला अचानक उपवास आठवला. दुसऱ्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि काकांचा नंबर मागून घेतला. एक तारखेपासून त्यांचा डबा सुरू आहे.