तिरक्या अक्षराचा कल

मुलचेऱ्यात आमच्या घरी अक्षर हा आजोबांचा प्रांत. बांबूची बोटाएवढी काडी तासायची, टोकाला तिरका काप द्यायचा, की झाला बोरू. त्या कापामुळेच रेघ इथे भरघोस, तिथे केसासारखी उतरते. श्रेय मनगटाला मिळतं, पण निम्मं काम चाकूचं. अर्ज ते बालबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहीत, ताठ. हिशेब मात्र मोडीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू फारसा न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. ती सगळी पुढे झुकलेली, लफ्फेदार. झुकणं म्हणजे घाई, असं मला वाटे.

सातवीत असताना विवेकानंदपूरच्या मित्राने त्याच्या दिदीची लग्नपत्रिका दिली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची आमच्या तालुक्यात गावंच्या गावं आहेत. लाल शाई, वर फुलपाखरू, खाली तिरका मथळा: पोटाशी जाड, शेपटीशी जवळजवळ नाहीसा. एक अक्षर वाचता आलं नाही. पत्रिका वर्षभर भूगोलाच्या पुस्तकात राहिली. पुढे कळलं, विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली बंगालातल्याच श्रीरामपूरला छापला होता, आणि तोही मोडी टाइपात!

नागपूरला डीटीपी शिकलो तेव्हा ‘इटालिक’ भेटलं. व्हेनिसच्या आल्डुस मानुत्सिउसने १५०१ मध्ये व्हर्जिलचं अख्खं पुस्तक या तिरक्या टाइपात काढलं. फ्रांचेस्को ग्रिफोने तो कोरला होता हाताच्या धावत्या लिखाणावरून. म्हणजे ती त्यांची मोडीच की! आपण मात्र मोडी दप्तरात बांधून ठेवली आणि छपाईसाठी ताठ बालबोध घेतली. तिला तिरकं करायचं, तर बटण दाबतो.

बहिणीच्या पत्रिकेवर एका ऑपरेटरने तेच केलं. नाव पावसात कललेल्या कुडासारखं दिसत होतं. कारण शोधायला मला बरीच वर्षं लागली. रोमन लेखणीचा काप एका बाजूचा, देवनागरीचा उलट बाजूचा. उजवीकडे ढकललं की रोमनची जाड रेघ आणखी भरते. आपली जाड रेघ रोडावते आणि बारीक सुजते. जाड-बारीकचा सगळा डौल तिथेच जातो. रोझा वनसारखा ठसठशीत देवनागरी फॉन्ट आला, पण तोही ताठच. कमल शेडग्यांनी नाटकांची शीर्षकं हातानेच का घडवली, ते मला या पत्रिकेने शिकवलं.

यंदा पुतण्याचं लग्न. मथळा मी बांबूच्या बोरूने लिहिला, मोडीचा कल धरून, अकरा कागद फुकट घालवून. बारावा छापायला गेला आहे. त्यातला ‘ऋ’ अजून मनासारखा नाही.