लाल ठिपका

२८ मे ही तारीख हिशेबानं निवडलेली आहे. पाळीचं चक्र साधारण २८ दिवसांचं आणि रक्तस्राव साधारण पाच दिवसांचा, म्हणून पाचवा महिना आणि त्यातली २८ तारीख. एका जर्मन संस्थेच्या पुढाकारानं २०१४ पासून हा ‘मासिक पाळी स्वच्छता दिन’ जगभर पाळला जातो. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीनंही तो एका वर्षी पाळला. क्लब हाऊसमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान, गुलाबी फुगे, शेवटी चहा-समोसे. ‘लेडीज प्रोग्रॅम’ म्हणून पुरुष मंडळी खाली पार्किंगमध्ये गप्पा मारत उभी होती. व्याख्यान चांगलं झालं, प्रश्नही मोकळेपणानं विचारले गेले. पण साऱ्या इमारतीच्या पाळीशी जिचा रोज हातानं संबंध येतो, ती बाई त्या हॉलमध्ये नव्हती. ती सकाळीच कचऱ्याची ढकलगाडी घेऊन येऊन गेली होती.

या मावशी ‘स्वच्छ’च्या सभासद. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांचा तिला आधार होता. कचराकुंड्यांत हात घालून पोट भरणाऱ्या बायका तिथं कामगार म्हणून संघटित झाल्या. त्याच चळवळीतून पुढं कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला आणि या बायका कुंडीवरून थेट आपल्या दारात आल्या. त्यांची कमाई दोन वाटांनी येते: घराघरातून मिळणारी महिन्याची फी आणि सुका कचरा विकून हाती लागणारे पैसे.

आपल्या बाथरूममधल्या कचऱ्याचा संबंध येतो तो या दुसऱ्या वाटेशी. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या हे सगळं वेगळं काढल्याशिवाय भंगारवाला घेत नाही, आणि ते काढायला हातच लागतो. मोजे मिळतात, पण करकचून बांधलेल्या पिशवीची गाठ मोजे घालून सुटत नाही, मग ते काढले जातात. त्याच पिशवीत पॅड असतात, डायपर असतात. एकदा गेटपाशी मावशींचं निवडणं चालू असताना मी शेजारी उभी राहिले. “मावशी, रोज एवढे निघतात?” त्यांनी वर न बघताच सांगितलं, “रविवारी जास्ती. सगळी घरात असतात ना.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्हाला घाण वाटती म्हणून टाकता. मला काय वाटत नसंल?”

दुकानात नवा पुडा घेतला की दुकानदार न सांगता तो कागदात गुंडाळतो किंवा काळ्या पिशवीत घालतो. कोरं, स्वच्छ पॅड रस्त्यावर कुणाला दिसता कामा नये. वापरलेलं मात्र उघडंच दुसऱ्या बाईच्या हातात जातं, आणि त्याची लाज आपल्याला वाटत नाही. पाळीबद्दलचा आपला सगळा संकोच पुडा घरी पोचेपर्यंतच टिकतो.

‘स्वच्छ’नं यावर पुण्यात मोहीम चालवली, तिचं नाव ‘रेड डॉट’. वापरलेलं पॅड किंवा डायपर कागदात घट्ट गुंडाळायचं, दोऱ्यानं बांधायचं, वर लाल पेनानं ठळक ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. याला खर्च म्हणाल तर रद्दीचा एक कागद.

आमच्या सोसायटीत हे व्याख्यानानं रुजलं नाही, लिफ्टमध्ये लावलेल्या सूचनेनंही नाही. रुजलं ते दोन बायकांच्या खटपटीनं. त्यांनी रद्दीतले पेपर चौकोनी फाडून, सुतळीत ओवून गठ्ठे केले आणि घरोघरी बाथरूमच्या खुंटीला अडकवून दिले. सोबत लाल स्केचपेन. कागद हाताशी असला की माणूस गुंडाळतो, स्वयंपाकघरातून आणावा लागला की टाळतो. माणसाच्या आळसाचा एवढा साधा हिशेब कुठल्याही जनजागृती मोहिमेनं आधी मांडायला हवा, असं माझं मत झालंय.

अडचणी आल्याच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला की सेक्रेटरी त्याला ‘तो इशू’ म्हणायचे. भाड्यानं राहणाऱ्या मुलींच्या फ्लॅटला कुणी काही सांगेना, म्हणून वॉचमनच्या बायकोनंच जाऊन सांगितलं, आणि त्या मुलींनी सर्वांत आधी ऐकलं. खरी पंचाईत झाली ती म्हाताऱ्यांच्या डायपरची. पॅडबद्दल घरातल्या बाईला सांगता येतं. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं डायपर बदलून मुलगा आधीच थकलेला असतो, त्याला ठिपका काढायला कसं सांगायचं? शेवटी एका घरी मावशींनी स्वतःच सांगितलं, “दादा, तेवढं लाल करा, म्हंजे मी उघडणार नाय.” त्या घरातून तेव्हापासून पुड्या व्यवस्थित येतात. काही घरं अजूनही देत नाहीत, आणि ती कोणती हे मावशींना बरोबर माहीत आहे.

पाळीच्या दिवसानंतर आठ दिवसांनी ५ जून येतो. १९७२ साली स्टॉकहोममध्ये याच तारखेला पर्यावरण परिषद सुरू झाली, म्हणून हा पर्यावरण दिन. सोसायटीत झाडं लावली जातात, फोटो निघतात. दिवस पाळणाऱ्यांची टिंगल मला करायची नाही, कारण क्लब हाऊसमधल्या त्या व्याख्यानाशिवाय सुतळीतले गठ्ठे कुणाला सुचले नसते. कॅलेंडरवरच्या १ मार्चची मात्र कुणाला खबर नसते. १९९२ मध्ये कोलंबियातल्या बारांकिया शहरात एका विद्यापीठाच्या आवारात कचरावेचकांना मारून त्यांची प्रेतं वैद्यकीय अभ्यासासाठी विकायचा प्रकार उघडकीस आला. त्यांच्या स्मरणार्थ १ मार्च हा जगभरच्या कचरावेचकांचा दिवस आहे. त्या दिवशीही मावशींची ढकलगाडी रोजच्याच वेळी येते.

पॅड गुंडाळून देण्याचं हे सगळं एकट्या घरानं करायचं काम नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेलं पॅड गुंडाळून देण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली, तशीच त्यासाठी पुड्यासोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ‘स्वच्छ’च्या बायकांनी २०१३ मध्येच वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट कंपन्यांना पाठवून हा प्रश्न त्यांच्या दारात नेला होता. म्हणून पुढचा पुडा घ्याल तेव्हा आत टाकाऊ पॅडसाठी वेष्टन आहे का, ते बघा. नसेल तर पुड्यावर ग्राहकसेवेचा पत्ता आणि नंबर छापलेला असतो, तिथं कळवा. आणि तोवर बाथरूममध्ये रद्दीचे चार कागद आणि एक लाल पेन ठेवा.