नऊ पेशंटांचा फरक

ग्रुपवर सगळे जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितात, दांडिया बाजार, वाडे, गणपती. मी आज जरा ताजी आठवण लिहितो. नातीची आहे, पण थोडी माझीही.

माझी नात (मुलीची मुलगी) जनरल सर्जरीत एम.एस. करते आहे. कॉलेज गुजरातेतलंच, नाव लिहीत नाही. तीन वर्षांचा कोर्स. आम्हा कॉमर्सवाल्यांची समजूत अशी की सर्जन म्हणजे रोज चाकू हातात. तसं काही नसतं हो! पहिलं वर्ष ड्रेसिंग करण्यात, रक्ताचे रिपोर्ट आणण्यात आणि केसपेपर लिहिण्यात जातं. एक दिवस ओपीडी, एक दिवस ऑपरेशन, एक दिवस इमर्जन्सी, आणि वॉर्डाचा राउंड रोजचाच. मधेमधे पोस्टिंग बदलतं: अनेस्थेशिया, युरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, लहान मुलांची सर्जरी. शिवाय तीन महिने जिल्हा इस्पितळात काढावेच लागतात, हा नियम अलीकडचा. आमच्या बँकेत प्रोबेशनरला कॅशपासून लोनपर्यंत सगळ्या टेबलांवर फिरवायचे, तसंच. फरक एवढाच, की आम्ही संध्याकाळी घरी यायचो.

याला रेसिडेन्सी का म्हणतात तेही तिनेच सांगितलं. अमेरिकेत बाल्टिमोरला 1889 साली जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ उघडलं, तिथे हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने ही पद्धत बसवली. शिकाऊ डॉक्टर इस्पितळातच राहायचे, म्हणून रेसिडेंट. हा गृहस्थ स्वतःवर कोकेनचे प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेला होता. शागिर्दांना रात्रंदिवस राबवणाऱ्या माणसाबद्दल हे ऐकून मला फारसं नवल वाटलं नाही. आपल्याकडे 1992 साली केंद्र सरकारने सलग बारा तासांहून जास्त ड्युटी देऊ नये असं कागदावर लिहिलं. नात घरी येते तेव्हा जेवताना ताटावरच पेंगते, त्यावरून त्या कागदाचं काय झालं ते समजा.

आणि या सगळ्यावर थीसिस! तिचा विषय मधुमेहींच्या पायाच्या जखमा. या जखमांच्या वॅग्नर ग्रेड असतात, 0 ते 5. शून्य म्हणजे कातडी शाबूत, पाच म्हणजे अख्खं पाऊल काळं पडलेलं. साठ पेशंट घ्यायचे आणि सहा महिन्यांनी कोणाची जखम भरली, कोणाचा पाय कापावा लागला ते नोंदवायचं. परीक्षेच्या सहा महिने आधी थीसिस जमा झालाच पाहिजे. सुट्टीच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, बेरीज जुळत नाहीये. जरा बघता?"

बघतो म्हणजे काय! मी 1974 साली बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचे. बॅलन्सिंग जुळेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. मास्टर चार्टमध्ये पेशंटांची नावं नव्हती, नुसते नंबर, ते मला आवडलं. खातेदाराची गुप्तता आम्हीही पाळायचो. सुरुवातीला साठ, शेवटच्या रकान्यात एकावन्न. फरक नवाचा. फरकाला नवाने भाग गेला की आकडे उलटसुलट लिहिले गेले असणार, ही आमची जुनी खूण. ओळ न् ओळ तपासली. लिहिण्यात चूक नव्हती. नऊ माणसं परत आलीच नव्हती.

ती म्हणाली, "सीनियर सांगतात, त्यांना काढून टाक, नऊ नवे घे, साठ पूर्ण कर. सगळे तेच करतात."

मी म्हटलं, सांगतात ते सांगू देत, पण ही नऊ खाती आहेत कुठे? 1992-93 मध्ये एन.पी.ए.चे नियम आले, तोपर्यंत न मिळालेलं व्याजही उत्पन्नात धरलं जायचं आणि आमची शाखा कागदावर कशी टवटवीत दिसायची! नियम आले आणि खरा ताळेबंद दिसला. जो पेशंट येत नाही तो बराच झाला असेल कशावरून? कदाचित पाय नाही म्हणूनच येत नसेल.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग झोपाळ्यावर बसून फोन करायला लागली. बहुतेक पेशंट दाहोद, छोटाउदेपूरकडचे, मजुरी करणारे. नंबर कोणाचा शेजाऱ्याचा, कोणाचा मुकादमाचा. मी आत जाऊन बसलो, पण घर लहान, ऐकू येतंच. एका घरी बाईने फोन उचलला. नातीने तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, काकांचा पाय कसा आहे? पलीकडून काय आलं ते तिने नंतर सांगितलं: "एमने गुजरी गये बे महिना थया, बेन." फोन लगेच ठेवता येईना. ती बाई दवाखान्याच्या उरलेल्या गोळ्यांचं काय करू म्हणून विचारत होती.

त्या फोननंतर तिने अर्धा तास दुसरा फोन लावला नाही. हिने चहा करून दिला, तो तसाच गार झाला.

हे काम तीन सुट्ट्या चाललं. नवांपैकी चौघे भाड्याची सोय झाल्यावर दाखवायला आले, जखमा भरलेल्या होत्या. दोघांचे पाय गावाजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात कापले गेले होते. एक वारला. दोघांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. पाय गेलेले आधी आठ होते, त्यांचे दहा झाले. निकाल दिसायला वाईट झाला. गाइडनी तक्ता पाहिला, नव्या पेशंटांचा विषय काढला नाही आणि सही केली.

थीसिस छापून आला तेव्हा मी आधी तोच तक्ता उघडला. भरलेल्या, न भरलेल्या, कापलेल्या. खाली दोन ओळी: मृत्यू 1, संपर्क झाला नाही 2. बेरीज साठ.

सध्या ती जिल्हा इस्पितळात आहे. परवा फोनवर म्हणाली, आता केसपेपरवर प्रत्येकाचे दोन नंबर घेते, एक घरचा आणि एक किराणा दुकानदाराचा.