दार कुठल्या बाजूला उघडतं?

श्रावणात माझ्याकडे दिवाळी असते. बाहेर पावसाची झड लागलेली, गॅलरीतल्या दोरीवर कालचे कपडे अजून दमट, आणि मी टेबलाशी बसून आकाशकंदील रंगवतेय. दिवाळी अंकांची कामं अशी उलट्या ऋतूतच चालतात. आषाढ लागला की संपादकांचे फोन सुरू होतात. चित्रं गणपतीच्या आधी हवी असतात, कारण पुढे छापखाने अंकांनी तुंबतात. उन्हाळी सुट्टीत मुलांच्या हाती पडायची पुस्तकं मी डिसेंबरात करते. अंगात स्वेटर घालून पोरांना आंब्याच्या झाडावर चढवते. पुढे घरोघरी फराळाची ताटं फिरू लागतात आणि अंक लोकांच्या हातात पडतो, तेव्हा माझं टेबल रिकामं असतं. मानधन शिमग्याच्या आसपास येतं. नाही आलं, तर शिमगा आपणच करायचा.

1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायचीही सवय लागली. त्या सवयीवर लिहिणारी आणि काढणारी कितीतरी माणसं आजवर जगत आली. मीही त्यांतलीच. काही लिहिते, काही रंगवते, कधी दुसऱ्याच्या कथेला चित्रं देते, कधी माझंच पुस्तक दोन्ही हातांनी करते. हजेरीपट नाही, म्हणून रजाही नाही.

दिवसाची वाटणी उजेडाने करून दिली आहे. पहाटे लिहायचं, दिवसा रंगवायचं. लिहिण्याला दिव्याचा उजेड चालतो. रंगाला चालत नाही. पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळा रंग कागदात विरून जातो; दिसत नाही म्हणून आणखी हात फिरवावा, तर सकाळी तो अंगावर येतो. माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. तिच्यातून ऊन फारसं येत नाही, उजेड तेवढा येतो, म्हणून कागदावर सावल्या सरकत नाहीत. घर भाड्याने घेताना स्वयंपाकघर किती मोठं आहे ते मी पाहिलंच नव्हतं, आधी खिडकी पाहिली होती. घरमालकांना वाटलं, ही वास्तुशास्त्रवाली दिसते.

पावसाळ्यात मात्र त्या खिडकीतून उजेडाबरोबर ओलही येते. कागद हवा पिऊन जड होतो. टाकाने रेघ ओढताना एरवी निब दाबली की रेघ भरते, हलकी उचलली की केसासारखी निघते. दमट कागदावर तीच निब कागदाचे तंतू उपसते आणि रेघेला फाटे फुटतात. पाण्याने पातळ केलेला रंग लावला, तर कागद पापडासारखा वाकतो आणि खळग्यात रंगाचं तळं साचतं. मग पंखा लावायचा, कागदाच्या कडा चिकटपट्टीने फळीला जखडायच्या, आणि चित्र वाळेतो त्याच्याकडे बघत बसायचं. असं बघत बसणं हाही कामाचाच भाग आहे, हे घरातल्यांना पटायला बरीच वर्षं लागली. शेजाऱ्यांना अजून पटायचंय.

“अगं, तू घरीच असतेस ना? आमचा सिलिंडर येईल, तेवढा घेऊन ठेव.” खालच्या काकूंचं हे वाक्य ठरलेलं. इमारतीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या माझ्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. पूर्वी राग यायचा. आता बेल वाजली की मी आधी बेल वाजवणाऱ्याकडे बघते. सिलिंडर आणणारा माणूस भरलेला सिलिंडर उचलून नेत नाही. तो त्याला तिरपा करून बुडाच्या कडेवर उभा धरतो, डाव्या तळव्याने वरची कडी गोल फिरवत राहतो आणि उजवा हात नुसता तोल सांभाळायला ठेवतो. त्याची नजर सिलिंडरवर नसते, पुढच्या फरशीच्या सांध्यावर असते. हे मी एका चित्रात वापरलं. काकूंना अंकात ते चित्र दिसलं. “हा तर आपलाच माणूस,” म्हणाल्या. चेहरा मुळीच सारखा नव्हता, पण हात त्याचे होते.

चित्र काढायला बसलं की लेखकाच्या सवलती लक्षात येतात. मी स्वतः लिहिते, म्हणून सांगते. कथेत आपण बिनदिक्कत लिहितो, ‘तिने दार उघडलं’, आणि पुढे जातो. चित्रकाराला पुढे जाता येत नाही. दार एकफळी की दुफळी? आत उघडतं की बाहेर? कडी-कोयंडा आहे की लॅच? उंबरा आहे का, त्यावर सकाळची रांगोळी आहे की कालची पुसट? चपला किती जोड, त्यांत पुरुषाच्या आहेत का? दाराशी वीज मंडळाचा मीटर असेल, तर तो कुठल्या काळातला? लेखकाला फोन करून विचारावं, तर तो म्हणतो, “अहो, साधं दार हो.” साधं दार जगात कुठेच नसतं. लातूरच्या वाड्याचं दार वेगळं, चिपळूणच्या पडवीचं वेगळं, डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावरचं सेफ्टी डोअर वेगळं. ते दार कुणाचं, हे ठरवता ठरवता मी त्या बाईची परिस्थिती ठरवून बसते. लेखकाने न सांगितलेलं निम्मं घर त्या कथेत मी बांधलेलं असतं, आणि वाचक ते लेखकाचं समजून त्यात राहून येतो.

उलटा हिशोबही आहे. चित्राला ‘रोज’ म्हणता येत नाही. ‘आजोबा रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसत’ हे लिहायला एक ओळ पुरते. चित्रात ते फक्त आजच बसलेले दिसतात. मग कट्ट्याचा तेवढाच भाग झिजून गुळगुळीत झालेला दाखवायचा, मागच्या भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग दाखवायचा. चित्राला ‘नाही’सुद्धा म्हणता येत नाही. आजोबा आता नाहीत, हे दाखवायचं झालं की कट्टा, डाग आणि झीज तशीच ठेवून माणूस तेवढा काढायचा, आणि तिथे मांजर बसवायचा मोह आवरायचा.

स्वतःचं पुस्तक करताना लेखिका आणि चित्रकार हे दोन्ही जीव एकाच टेबलाशी बसतात आणि भांडतात. मुलांचं चित्रपुस्तक सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांत बसवावं लागतं, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून फॉर्म होतो आणि पानं आठ-सोळाच्या पटीतच परवडतात. त्यामुळे गोष्ट आधी डमीत लिहायची. कागद दुमडून हातभर लांबीची खोटी वही करायची आणि प्रत्येक पानावर काय येईल ते पेन्सिलीने मांडायचं. ‘पण तेवढ्यात...’ हे शब्द उजव्या पानाच्या तळाशीच यायला हवेत, म्हणजे मूल पान उलटतं आणि काय झालं ते पलीकडे दिसतं. ते डाव्या पानावर आले, तर शेजारच्या चित्राने गुपित आधीच फोडलेलं असतं. आणि चित्रात जे दिसतं ते वाक्यातून कापावं लागतं. ‘लाल फ्रॉक घातलेली मनू’ यातला लाल फ्रॉक जातो, कधी कधी मनूही जाते. माझ्यातली लेखिका तेव्हा कळवळते. माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’ची पुस्तकं बघावीत, लिहिणारा आणि काढणारा हात एकच असला की वाक्य किती कमी बोलून भागतं, ते तिथे कळतं.

पूर्वीच्या चित्रकारांनी हा संसार आपापल्या परीने निभावला. छपाईच्या जस्ताच्या ब्लॉकवर काळी रेघ उठायची किंवा कोरी जागा राहायची, मधला करडा रंग नव्हता. त्या अडचणीत मराठी अंकांतलं रेखाटन घडलं. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक सुरू केला. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. घर पगारावर चालायचं, म्हणून रेघेला कुणाची भीड नव्हती. शि. द. फडणीसांनी नोकरी न धरता चित्रांवरच आयुष्य काढलं, ‘मोहिनी’ची मुखपृष्ठं केली, पोरांच्या गणिताच्या पुस्तकातही माणसं हसती केली. एकाने स्वतःचा अंक काढला, दुसऱ्याने नोकरी सांभाळली, तिसऱ्याने फक्त चित्रांचा आधार धरला. आजही आमच्यापुढे हेच तीन मार्ग आहेत.

हत्यारं तेवढी बदलली. आता टाकाबरोबर टॅबलेट आहे, पाऊस त्याचं काही बिघडवत नाही. तरी पडद्यावरचा झळझळीत निळा चार रंगांच्या छपाईत मवाळ होऊनच उतरतो, चित्र कडेबाहेर तीन मिलिमीटर जास्त काढावंच लागतं, आणि जोडपानावर कुणाचं नाक बांधणीत जात नाही ना, ते बघावं लागतं. फोनवरचं संभाषणही बदललेलं नाही. “ताई, छोटीच तीन चित्रं आहेत, परवापर्यंत द्याल ना?” चित्र किती सेंटिमीटरचं छापणार यावर ते छोटं ठरतं. दार आत उघडतं की बाहेर, हा प्रश्न छोट्या चित्रातही तेवढाच मोठा असतो.

पैशांचं बोलणं आम्हाला जमत नाही, असं म्हणतात. जमायला हवं, कारण कायदा तिथे फार मवाळ नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेलं रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचं होतं. बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखाला हा नियम नाही. म्हणजे त्याच टेबलावर, त्याच आठवड्यात, त्याच अंकासाठी मी लेख लिहिला तर तो माझा राहतो, आणि चित्र रंगवलं तर ते गेलं. पुढे ते दिनदर्शिकेवर आलं, तरी मला विचारायची गरज नाही. एक हक्क मात्र त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने शाबूत ठेवला आहे: चित्र कुणाच्याही मालकीचं होवो, ते मी काढलं असं सांगण्याचा माझा हक्क जात नाही.

म्हणून संपादकांना एवढंच म्हणणं आहे, की कथा पाठवताना सोबत एका कागदावर चार गोष्टी लिहून पाठवा: रक्कम किती, कधी देणार, चित्र पुन्हा वापरणार का, आणि नाव कुठे छापणार. नव्याने या कामात उतरणाऱ्या मुलामुलींनो, हा कागद आल्याशिवाय पेन्सिलला टोक काढू नका.

वाचकांकडेही एक मागणं आहे. यंदा अंक विकत घ्याल, तेव्हा अनुक्रमणिकेत कथेच्या नावापुढे चित्रकाराचं नाव आहे का ते बघा. नसेल, तर संपादकांना दोन ओळींचं पत्र टाका. आमच्या दहा फोनांनी होत नाही ते काम वर्गणीदाराच्या एका पत्राने होतं.