सीडीचा आवाज आणि आत्यांचं झाकण



गोष्ट गेल्या भाद्रपदातली. आमच्या आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस एकाशन धरलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांचं रोज मंदिरात जाणं होत नाही. म्हटलं, त्यांच्या आवडीची भजनं, आरत्या आणि स्तोत्रं एका सीडीवर घालून देऊ. एकदा लावली की उठायला नको.

एका सीडीत ८० मिनिटं बसतात. माझी सतरा गाणी ७४ मिनिटांत बसली. काही जुन्या कॅसेटवरची, काही सीड्यांवरची, काही लेकाने कुठून कुठून आणलेली एमपीथ्री. चिरंजीवांनी सीडी बर्न करून दिली आणि मी मोठ्या कौतुकाने आत्यांच्या खोलीत लावली.

पहिलं भजन छान वाजलं. दुसरं इतकं हळू, की आत्या उठल्या आणि बटण फिरवून आल्या. तिसरं सुरू झालं ते असं दणाणून, की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. आत्या पुन्हा उठल्या. अर्ध्या तासात चार वेळा उठून झाल्यावर म्हणाल्या, "ही सीडी ऐकायची का हिच्याबरोबर फुगडी घालायची गं?"

मग मी स्वतःच कॉम्प्युटरपुढे बसले. सीडी बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची एक खूण असते, नॉर्मलाइझ म्हणून. ती केली, दुसरी सीडी घातली. फरक जवळजवळ शून्य!

लेकाने समजावलं तेव्हा कळलं. सीडीवर आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर लाट जाऊ शकत नाही. हे नॉर्मलाइझ गाण्यातला सगळ्यात मोठा एकच क्षण शोधतं आणि तो छताला टेकेल इतकं सगळं गाणं वर उचलतं. आपला कान मात्र एका क्षणावरून आवाज ठरवत नाही, एकूण सरासरीवरून ठरवतो. नव्या गाण्यांत हळू भागही मुद्दाम वर आणलेले असतात, त्यामुळे ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत छताजवळच वाजतात. जुन्या भजनात एखादी टाळी तेवढी छताला टेकते आणि गाणारा बिचारा खालीच राहतो.

आमच्या सीडीत असा खाली राहिलेला आवाज होता मामंजींचा.

मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. धाकट्या दिरांनी कधीतरी हौसेने टेपरेकॉर्डर लावून सोप्यात त्यांची आरती रेकॉर्ड केली होती. एवढी एकच कॅसेट राहिली आहे. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला वायर जोडून मी ती उतरवून घेतली. मामंजी गायचे अगदी हळू, स्वतःपुरतं. आणि मध्येच स्वयंपाकघरात एक झाकण पडतं. खणकन! कॉम्प्युटरवर पाहिलं तर मामंजींचा आवाज म्हणजे बारीक रांगोळीची रेघ आणि झाकण म्हणजे मधोमध उभा खांब. तो खांब आधीच छताला टेकलेला. मग नॉर्मलाइझ काय वर उचलणार?

मला वाटलं, सोपं आहे. ऑडॅसिटीमध्ये तेवढा अर्धा सेकंद निवडला, काढून टाकला, आणि उरलेली आरती नऊ डेसिबलने वाढवली. टेपची सरसर थोडी वाढली, पण मामंजी स्वच्छ ऐकू यायला लागले. तिसरी सीडी तयार.

आत्यांनी डोळे मिटून ऐकली. आरती संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल. मग हळूच विचारलं, "माझं झाकण कुठं गेलं?"

मला काही सुचेना.

"दुधाच्या पातेल्याचं झाकण पडलं होतं माझ्या हातनं. ते गायचे थांबले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघून हसले. दर वेळी त्या जागेला मला ते हसणं दिसतं."

मैत्रिणींनो, मी आवाज साफ केला आणि त्यांचं हसणं पुसून टाकलं होतं. नशीब, मूळ फाइल वेगळी ठेवली होती. तुम्हीही ठेवा, कृपा करून.

झाकणासकट आरती वाढवली असती तर झाकण छतावर आपटून आवाज फाटला असता. रात्री पडल्या पडल्या विचार करत होते, की एवढ्याशा आवाजाला वर कसं आणू. आणि मग लक्षात आलं, की वर आणायलाच नको. बाकीची सोळा गाणी खाली आणायची!

दुसऱ्या दिवशी तेच केलं. मामंजींची आरती जशीच्या तशी ठेवली. स्पीकरचं बटण एका जागी ठेवलं आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक गाण्यातला भरलेला भाग पंधरा सेकंद ऐकायचा, लगेच मामंजींचे पंधरा सेकंद ऐकायचे, आणि गाणं जास्त वाटलं तर उणे तीन, उणे सहा, असं करत उतरवायचं. सहा डेसिबलने लाट साधारण निम्मी होते, पण कानाला तेवढी कमी वाटत नाही. काही दणदणीत भजनं उणे बारापर्यंत न्यावी लागली. आवाज उतरवल्याने एकही गाणं बिघडलं नाही. वर चढवताना फाटायची भीती असते, उतरवताना ती नसते.

चौथी सीडी आत्यांच्या प्लेअरवर लावली. एकदाच बटण नेहमीपेक्षा जास्त फिरवलं आणि विषय संपला. सोळा गाण्यांच्या मध्ये मामंजी त्यांच्याच आवाजात गातात, झाकण पडतं, आणि आत्या त्या जागेला हसतात.

त्या दिवशी पर्वाचा दुसरा दिवस होता, उत्तम मार्दव. दरवर्षी प्रवचनात ऐकते, की मार्दव म्हणजे मानाचा त्याग. या वर्षी वाटलं, घरातलं एखादं हळू बोलणारं माणूस ऐकू येत नसेल तर त्याला "मोठ्याने बोला" म्हणण्याआधी आपणच जरा उतरावं. मी स्वतः घरात उणे सहावर आलेय का, हे मात्र आमच्या ह्यांना विचारू नका.

बिघडलेल्या तीन सीड्या गच्चीवर दोऱ्याने टांगल्या आहेत. उन्हात चमकतात, कबुतरं वाळवणाकडे फिरकत नाहीत, आणि कुणाला इजाही होत नाही.